गिरिधररावांच्या तोंडाचा खाजगी पत्रव्यवहार

आपलं तोंड विकलं गेलंय हे गिरिधररावांना मंगळवारी दुपारी सव्वातीनला कळलं, आणि तेही कुणाच्या तरी स्टेटसवरून.

अंबडच्या एका सरकारी कचेरीत ते सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळत होते. या सव्वीस वर्षांत आपल्या टेबलावरून न जाता तालुक्यात काही आलेलं नाही आणि तालुक्यातून काही गेलेलं नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि आता खुद्द त्यांचं तोंड तालुक्याबाहेर, बहुधा देशाबाहेरच गेलं होतं, आणि रजिस्टरला त्याची ओळभर नोंद नव्हती.

स्टेटस पार्थचं होतं. पार्थ म्हणजे त्यांच्या मेहुण्याचा, तीर्थपुरीच्या पुंजारामचा धाकटा मुलगा, संभाजीनगरला इंजिनिअरिंग करणारा. ‘पहिली विक्री! थँक्यू गिरिधरमामा!’ असं त्यानं लिहिलं होतं आणि पुढं जाळाची चार चित्रं टाकली होती. (आत्याच्या नवऱ्याला त्या घरात मामाच म्हणतात.) खाली फोटो. फोटो पुंजारामच्या थोरल्या मुलाच्या लग्नातला, मे महिन्यातला. मांडवातली लाल प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत गिरिधरराव, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढं काढलेली, ओठ असे मिटलेले की आत काहीतरी कोंडून धरलंय, आणि डोळे माईकवाल्यावर रोखलेले. असा चेहरा माणूस जन्मात एकदा करतो आणि नेमका तेव्हा कुणी फोटो काढत नाही. पार्थनं काढला होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: ‘अँग्री जावई. एकापैकी एक.’

गिरिधररावांनी कचेरीच्या व्हरांड्यात येऊन फोन लावला.

“पार्थ, हे काय करून राह्यला तू?”

“मामा! पाह्यलं का? एक नंबर काम झालं! तीन महिने त्या चित्रं विकायच्या साइटवर माझं एकबी चित्र गेलं न्हवतं. माकडं टाकली, रोबोट टाकले, गॉगल लावलेली म्हैस टाकली. कुत्रं विचारत न्हवतं. तुम्हाला टाकलं आन दोन घंट्यात गेले तुम्ही!”

“म्हैस ऱ्हायली आन मी गेलो?”

“म्हैस अजून तिथंच हाय, मामा.”

गिरिधररावांना क्षणभर जे वाटलं ते समाधान होतं. ते त्यांनी ताबडतोब दाबलं. “ते काढून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“आता माझ्या हातात काय न्हाई. मालक बदलला.”

“माझ्या तोंडाचा मालक?”

“फोटोचा. म्हंजे फोटो तर कुणीबी पाहू शकतं. पण त्याची जी नोंद हाय ना, तिच्यावर ज्यानं घेतलं त्याचं नाव चढलं. सातबाऱ्यावर चढतं बघा, बराबर तसंच.”

“मंग त्या सातबाऱ्यावर माझं नाव कुठं हाय?”

पार्थनं जरा विचार केला. “तुमचं नाव न्हाई. तुम्ही विषय हाय, मामा.”

सव्वीस वर्षांत गिरिधररावांनी हजारो कागदांवर ‘विषय’ हा शब्द वाचला होता. रस्ता विषय असायचा, गळकं छत विषय असायचं, एकदा मोकाट डुकरंही विषय होती. पण विषय पलीकडं असतो आणि गिरिधरराव अलीकडं, टेबलाच्या मागं असतात, हा सृष्टीचा क्रम होता. तो एका पोरानं दोन घंट्यात उलटा केला होता.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बूट काढायच्या आधी जाहीर केलं, “तोंड परत येईपर्यंत मी तीर्थपुरीत पाय ठेवणार न्हाई.”

त्यांची बायको तारा मेथी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. रविवारी तीर्थपुरीला आकांक्षाचा, पार्थच्या बहिणीचा साखरपुडा होता. “माझ्या एकुलत्या एका भावाच्या एकुलत्या एका पोरीचा साखरपुडा हाय, अहो.”

“एकुलतं एक माझंबी तोंड हाय.”

“आन मी एकटी गेले तर? साऱ्या बाया एकेक करून इचारतील, ‘दाजी न्हाई आले?’ पन्नास बायांना पन्नासदा काय सांगू, दाजी तोंड शोधून राह्यले म्हणून?” आणि मग एकदम हळू आवाजात, “तुम्ही न्हाई आले तर मीबी न्हाई जाणार.”

हे धमकीसारखं नव्हतं, म्हणून जास्त वाईट होतं.

पार्थला पुन्हा फोन झाला. त्यानं सांगितलं, घेणारा कोण हे कुणालाच माहीत नसतं. नाव नाही, गाव नाही, पिनकोड नाही. नुसतं पाकीट असतं, म्हणजे डिजिटल पाकीट, आणि त्या पाकिटाचा बेचाळीस अक्षरांचा नंबर. “पण त्या साइटवर खाजगी निरोपाची सोय हाय, मामा. या पाकिटातून त्या पाकिटाला. तिसऱ्याला दिसत न्हाई. तुम्ही तुमचं पाकीट काढा आन डायरेक्ट बोला.”

निनावी अर्ज आला की तो दप्तरी दाखल करायचा, त्यावर कार्यवाही करायची नाही, असा नियम गिरिधररावांना पाठ होता. निनावी माणसाकडं आपणच अर्ज करायचा झाला तर काय, याबद्दल कुठलंही परिपत्रक निघालेलं नव्हतं.

कॉलनीच्या तोंडाशी वंदनाताईंचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि जगातला कुठलाही ऑनलाइन फॉर्म. वंदनाताईंनी असलं पाकीट आजवर काढलेलं नव्हतं, पण त्या घाबरल्या नाहीत. “फॉर्म म्हंजे फॉर्म, भाऊ. बसा.”

बुधवारी सकाळी गिरिधरराव आधार, पॅन, दोन फोटो आणि लाइटचं बिल घेऊन बसले. पाकीट दीड मिनिटात निघालं. यातलं काहीही मागितलं गेलं नाही.

“आधार न्हाई मागितलं? मंग हे फसवं हाय, ताई.”

“नुसते बारा इंग्रजी शब्द देऊन राह्यलेत. म्हणते, हे कागदावर लिहा, कुणाला सांगू नका, जपून ठेवा. हे ज्याच्याकडं त्याचं पाकीट.”

गिरिधररावांनी शब्द वाचले. कांदा, शिडी, छत्री असल्या गोष्टींची नावं होती, एकाचा एकाशी संबंध नव्हता. पण तिसरा शब्द होता ‘अँग्री’ आणि सातवा होता ‘अंकल’. त्यांनी तिथूनच पार्थला फोन लावला.

“हे शब्द तू घालायला लावले का?”

“न्हाई मामा, मशीन देतं, आपोआप.”

“मशीनला कसं म्हाईत मी अंकल हाय? ऐक, वाचतो.” आणि त्यांनी पीकविम्याच्या फॉर्मसाठी रांगेत थांबलेल्या सात जणांच्या देखत बाराच्या बारा शब्द खणखणीत आवाजात वाचले. पार्थ पलीकडून ‘मामा, नका, मामा, नका’ असं ओरडत होता. मोठ्यांवर ओरडल्याबद्दल गिरिधररावांनी फोन बंद केला.

आता जपून ठेवणं. या बाबतीत जगाचं आणि आवक-जावक विभागाचं मत वेगळं आहे. जग एखादी वस्तू जपायची म्हणजे ती लपवतं. गिरिधररावांनी मात्र सव्वीस वर्षांत पाहिलं होतं, की ज्या कागदाची एकच प्रत असते तो कागद हरवायलाच निघालेला असतो. उंदीर, पाऊस, बदली, काहीही त्याला पुरतं. म्हणून त्यांनी बारा शब्दांच्या चार झेरॉक्स काढल्या आणि साहेबांकडून त्या प्रमाणित करून घेतल्या. देवानंद साहेबांनी ‘सत्यप्रत’ या शिक्क्याखाली चारही ठिकाणी सही केली; वाचलं काहीच नाही, त्यांची ती पद्धतच नव्हती. एक प्रत कचेरीच्या फायलीला लागली. एक तारानं डब्यात ठेवली. एक स्थळप्रत म्हणून वंदनाताईंच्या दुकानात राहिली. आणि एक शेजारच्या अण्णासाहेबांना, निवृत्त मुख्याध्यापकांना दिली, कारण सबंध कॉलनीत कुलूप लागणारं टेबल त्यांचंच होतं. मूळ प्रत लॅमिनेट होऊन कपाटात गेली. प्रत्येक प्रतीवर गिरिधररावांनी स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहिलं होतं: ‘गोपनीय.’

पहिला निरोप बुधवारी दुपारी चारला गेला. वंदनाताईंचा मोबाईल मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करून द्यायचा, त्यामुळं गिरिधररावांना हात आखडावा लागला नाही. ‘जावक क्रमांक १. विषय: माझे तोंड परत मिळणेबाबत. संदर्भ: आपली दि. मंगळवारची खरेदी. महोदय, उपरोक्त विषयान्वये…’ असं सुरू करून त्यांनी सोळा ओळी लिहिल्या आणि शेवटी सात दिवसांच्या आत खुलासा मागितला. मग सात खोडून तीन केले. साखरपुडा रविवारी होता.

खुलासा चार मिनिटांत आला. त्यात दोन शब्द होते: ‘जीएम ब्रो.’

“जीएम म्हंजे जनरल मॅनेजर का?” गिरिधररावांनी जरा सावरून बसत विचारलं.

“गुड मॉर्निंग, भाऊ.”

“दुपारी चारला? आन पूर्ण लिहायला काय झालं? आन ब्रो?” गिरिधरराव उभे राहिले. “मी याचा ब्रो कधीपासून? सोळा ओळी लिहिल्या मी! महोदय म्हणालो मी त्याला!”

सकाळपासून रांगेत असलेल्या सात जणांनी मान हलवली. त्यातला एक म्हणाला, महोदय म्हणणं हीच चूक झाली, समोरचा चढून बसतो.

कॉलनीनं त्या माणसाचं नाव ठेवलं झिरोएक्सराव, कारण त्याचा बेचाळीस अक्षरी नंबर झिरो एक्सनं सुरू होत होता. ‘राव’ अण्णासाहेबांनी लावलं. त्यांचं म्हणणं, व्यवहार चालू आहे तोवर मान द्यावा.

गुरुवारी डबा खाऊन झाल्यावर गिरिधररावांनी स्वतःच्या मोबाईलवर पाकीट उघडलं. झिरोएक्सरावांचा निरोप येऊन पडला होता. मोबाईलनं त्याचं मराठी असं केलं होतं: ‘मला फोटो विकायचा नाही. मी तो रोज बघतो. मला फक्त एक जाणून घ्यायचं आहे. हा माणूस इतका चिडलेला का आहे?’

सात महिने झाले होते. या सात महिन्यांत ‘काय झालं?’ असं गिरिधररावांना कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. व्हरांड्यात कुणी नाही असं पाहून ते टाइप करायला लागले. जावक क्रमांक टाकायचं त्यांना भान राहिलं नाही.

त्यांनी लिहिलं, की आमच्याकडं लग्नात माईकवरून नाव पुकारून पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. नाव पुकारलं की माणूस उठतो, चारशे लोकांत चालत जातो, मान वाकवतो, डोक्यावर टोपी येते. टॉवेल घरी कुणी वापरतही नाही. प्रश्न टॉवेलचा नाही. आधी सरपंचाला दिली, माजी सरपंचाला दिली, पुढच्या वेळी उभं राहणार असं नुसतं म्हणणाऱ्याला दिली. मांडववाल्याला दिली. डीजेवाल्याला दिली. मग म्हशीच्या डॉक्टरचं नाव पुकारलं. घरचा जावई म्हणून मी पहिल्या रांगेत बसलो होतो, प्रत्येक नावाला मान तयार करत होतो. डॉक्टर माझ्या अंगावरून गेले. फोटो तेव्हाचा आहे. जेवणं झाल्यावर, माईक बंद झाल्यावर, मेहुण्यानं घाईघाईत माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाला, ‘दाजी, तुम्ही तर घरचेच.’

उत्तर यायला वेळ लागला. मग आलं: ‘थांबा. म्हशीच्या डॉक्टरला तुमच्या आधी?’

आणि पाठोपाठ: ‘मला खूप राग आला आहे. मी आत जाऊन बायकोला सांगितलं. तिलाही राग आला आहे. ती म्हणते, पहिल्या रांगेत बसवलंच कशाला मग?’

गिरिधरराव खुर्चीत मागं टेकले. हाच तो मुद्दा. पहिल्या रांगेत बसवलंच कशाला! इतक्या दूरच्या, नाव नसलेल्या, बहुधा टॉवेल-टोपी कधी न पाहिलेल्या घरात दोन माणसं त्यांच्या वतीनं चिडून बसली होती. त्या दुपारी त्यांनी आवक रजिस्टरला सहा पत्रं चुकीच्या तारखेनं चढवली.

शुक्रवारी कचेरीतून निघताना पाकिटात लांबलचक निरोप होता.

‘प्रिय मित्रा, तुझ्या सगळ्या प्रश्नांची एकदम उत्तरं देतो. माझं वय एकेचाळीस. घर स्वतःचं आहे. शेती नाही. धाकटा भाऊ आहे, पण तो लग्नाला तयार नाही. कोर्टात जायची गरज पडणार नाही असं वाटतं. तुझ्या गुडघ्याला तू गरम शेक देऊन पाहिलास का? आणि काल तू स्वतःची बायको असल्यासारखं का लिहिलंस ते मला कळलं नाही, पण मी त्याबद्दल तुला काही म्हणणार नाही.’

गिरिधररावांना गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. गुडघा अण्णासाहेबांचा दुखायचा.

त्यांनी पडदा वर सरकवला. त्यांच्या पाकिटातून, त्यांच्या सहीनं, त्यांनी न लिहिलेले एकवीस निरोप गेले होते. अण्णासाहेबांनी अस्खलित इंग्रजीत चोवीस तासांची नोटीस दिली होती, अंबडच्या कोर्टाचा उल्लेख तीनदा केला होता, आणि पुढच्याच निरोपात, बहुधा सभ्यपणा म्हणून, स्वतःच्या गुडघ्याची हकिगत सांगितली होती. वंदनाताईंनी वय, नोकरी, घर, शेती विचारलं होतं. त्यांच्या नणंदेची मुलगी लग्नाची होती, दोन वर्षं दाखवत होते. बायको आहे असं कळल्यावर त्यांनी धाकट्या भावाची चौकशी केली होती. मध्येच एका ओळीचा निरोप होता: ‘अभिप्रायासह तात्काळ सादर करावे.’ हे देवानंद साहेब. फायल समोर आली असणार आणि त्यांनी सवयीनं शेरा मारला असणार. त्यावर झिरोएक्सरावांनी लगेच वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. साहेबांच्या शेऱ्यावर इतकी जलद कार्यवाही आजवर झालेली नव्हती.

आणि सगळ्यात खाली तारा.

‘मी यांची बायको. माणूस वाईट न्हाई. राग आला की तोंड तसं होतं, राग नसला तरी तसंच असतं. रविवारी माझ्या भाचीचा साखरपुडा हाय. हे आले न्हाई तर मी जाणार न्हाई. मी गेले न्हाई तर माझा भाऊ म्हणंल, बहिणीच्या घरी काहीतरी बिघडलं, आन तो कार्यात सगळा वेळ तेच घोकीत राहील. तेवढं शनिवारपर्यंत देऊन टाका. घरी सगळ्यांना नमस्कार.’

हे गिरिधररावांनी दोनदा वाचलं. मग त्यांना पुन्हा राग आला, कारण दुसरं काय आलं असतं तर ते कुठं ठेवायचं हे त्यांना सुचेना.

संध्याकाळी वंदनाताईंच्या दुकानासमोर सुनावणी झाली.

“ही खाजगी बाब हाय!” गिरिधरराव गरजले. “खाजगी! या पाकिटातून त्या पाकिटाला! तिसऱ्याला दिसत न्हाई म्हणून सांगितलं होतं मला!”

“आम्ही तिसरे कुठं?” अण्णासाहेब शांतपणे म्हणाले. “आमच्याकडं सत्यप्रत हाय. शिक्क्याची.”

“जपून ठेवायला दिल्ती!”

“मंग जपलीच. रोज उघडून पाह्यलं, नीट हाय का न्हाई.”

“आन मी स्थळप्रत हाय, भाऊ,” वंदनाताई म्हणाल्या. “फॉर्म इथून भरला, मंग पाठपुरावा कुणी करायचा?”

“माझ्या नावानं लग्न जमवून राह्यले तुम्ही!”

“जमलं कुठं? त्याचा भाऊ तयार न्हाई म्हणते.” वंदनाताईंच्या आवाजात खरी खंत होती.

गिरिधररावांनी ताराकडं पाहिलं. ती दळणाचा डबा घेऊन उभी होती. “मी आपलं खरं तेच लिवलं,” ती म्हणाली, आणि चक्कीकडं निघून गेली.

शनिवारी सकाळी साडेदहाला झिरोएक्सरावांचा निरोप आला. ‘मित्रा, तू एक माणूस आहेस की अनेक, हे मला अजून कळलेलं नाही. पण तुझ्यातली जी तुझी बायको आहे, तिच्यासाठी फोटो परत पाठवतो. भेट समज. पैसे नकोत.’

आणि खरंच, पाकिटात फोटो येऊन बसला. कॉलनीत चहा झाला. ‘मालक: आपण’ असं खाली लिहून आलं होतं ते गिरिधररावांनी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. फुकट परत केलं, पैसेही नको म्हणाला, ही गोष्ट त्यांना किंचित टोचली. नाही म्हटलं तरी म्हशीपेक्षा आधी गेलेलं तोंड होतं ते. पण आजच्या दिवशी ते मोठ्या मनानं गप्प राहिले. तारानं साडीला इस्त्री केली. पुंजारामला फोन गेला, की उद्या दोघं येऊन राह्यलो, पावणेनऊच्या एसटीनं.

पावणेबाराला गिरिधररावांनी पुन्हा एकदा, नुसतं बघावं म्हणून, पाकीट उघडलं. पाकिटात फोटो नव्हता.

अण्णासाहेब ओट्यावर पेपर वाचत होते. चेहऱ्यावरून त्यांना काही अपराध घडल्याचं वाटत नव्हतं.

“अण्णासाहेब, तुम्ही हात लावला का?”

“हात कशाला लावू? फक्त विक्रीला लावून पाह्यलं. तिप्पट किंमत टाकून. भाव काढायला.”

“भाव?”

“आता मला सांगा, गिरिधरराव, बाजारात बैल उभा केला म्हंजे विकायचाच असतो का? चार जण येतात, दात पाहतात, बोली लागते, आपण बैल घेऊन घरी येतो. पण भाव तर कळतो!”

“मी बैल न्हाई!”

“म्हणून तर आजवर भाव म्हाईत न्हवता.” अण्णासाहेबांनी पेपर खाली ठेवला. “मला काय ठाऊक, तिथं कुणी दातबी न पाहता घेऊन जातं म्हणून? काय बेशिस्त बाजार हाय हा!”

पैसे पाकिटात आले होते. ते बाहेर काढायला आणखी एक फॉर्म होता, तो भरायची त्या क्षणी वंदनाताईंचीही हिंमत झाली नाही. घेणाऱ्याचा नंबर झिरो एक्सनं सुरू होत होता. सगळेच होतात. पण हा तोच होता. खाली निरोप होता:

‘मित्रा, आत्ता विक्रीला पाहिला. वाटलं, पैशांची अडचण असेल आणि मागायला लाज वाटली असेल. दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून मी लगेच घेतला. अडचण मिटली का? मिटली असेल तर सांग, पुन्हा पाठवतो.’

अडचण! गिरिधररावांना त्या आठवड्यात विषय म्हटलं गेलं होतं, ब्रो म्हटलं गेलं होतं, बैलाच्या रांगेत उभं केलं गेलं होतं. हे सगळं त्यांनी सोसलं. पण दया! त्यांनी शनिवारची दुपार जेवणाशिवाय काढली. निषेधाचा मसुदा चार वेळा लिहिला आणि खोडला, कारण निषेध नोंदवायचा तर कुणाविरुद्ध? एकानं चांगुलपणानं विकलं, दुसऱ्यानं चांगुलपणानं विकत घेतलं. मध्ये चूक कुणाची सापडेना, आणि चूक न सापडता माणसानं चिडायचं म्हणजे सगळा भार स्वतःवरच येतो.

रविवारी सकाळी आठला तारा तयार होती. नवी साडी, केसांत अबोली, मांडीवर पिशवी. दारातल्या खुर्चीत बसली होती. ‘चला’ म्हणाली नाही, ‘राहू द्या’ म्हणाली नाही. पावणेनऊच्या एसटीला अजून वेळ होता आणि ती रस्त्याकडं बघत होती.

गिरिधरराव जिन्याच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसले. ‘पुन्हा पाठव’ एवढं लिहिलं की काम होतं. ते बोट पुढं नेऊन थांबले. फोटो परत आला तर येणार कुठं? याच पाकिटात. ज्याची एक प्रत कुलपाच्या टेबलात आहे, एक दुकानात, एक कचेरीत, एक डब्यात, आणि ज्याचे बारा शब्द तोंडपाठ असलेले सात पीकविमेवाले तालुक्यात हिंडतायत. दुपारपर्यंत कुणीतरी त्यांच्या भल्यासाठी काहीतरी करणार. आणि तिकडं तो माणूस. फोटो रोज बघतो. बायकोला सांगतो. त्याचे बारा शब्द फक्त त्यालाच ठाऊक असणार. तो काही झेरॉक्स काढणाऱ्यातला वाटत नव्हता.

त्यांनी लिहिलं: ‘परत पाठवू नका. आमच्या पाकिटाला चार किल्ल्या आहेत आणि चारही माणसं चांगली आहेत, हीच अडचण. तोंड तुमच्याकडं सुरक्षित आहे. सांभाळा. विकायचं झालं तर आधी कळवा. मी आता साखरपुड्याला निघालो.’ पुढं त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या. त्या खाजगी असल्यामुळं इथं देता येत नाहीत.

मग उठले, शर्ट बदलला आणि बाहेर येऊन म्हणाले, “बसून काय राह्यली? एसटी तुझ्यासाठी थांबणार हाय का?”

एसटीत तारानं खिडकी घेतली. अंबड मागं पडलं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. तारानं पिशवीतून मोबाईल काढला, डोळ्यांजवळ धरला आणि ओठ हलवत काहीतरी वाचायला लागली. वाचून झाल्यावर तिनं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला, पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघत बसली. खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मागून कळेना.

“काय वाचून राह्यली?”

“खाजगी हाय,” तारा म्हणाली.

गिरिधररावांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा कंडक्टरकडं पाहिलं. स्वतःच्याच पाकिटातला, स्वतःच लिहिलेला मजकूर स्वतःपासून खाजगी ठेवला जातोय, ही बाब अत्यंत गंभीर होती, आणि ती कंडक्टरच्या अखत्यारीत येत नव्हती.